सरासरी कोणाची, शेत कोणाचे?

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' ही म्हण आमच्या जिल्ह्यात मूल बोलू लागते तेव्हापासून त्याच्या कानावर पडते. परभणी भारतात अशी नेमकी कोणत्या बाबतीत, हे मात्र कोणी विचारत नाही. ऊन म्हणावे, कापूस म्हणावा, ज्वारी म्हणावी की माणसांचा हट्टीपणा म्हणावा, ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे ठरवावे. म्हणीचे काम अभिमान जागवण्याचे. तिच्याकडे मोजमापाचा पुरावा मागू नये. पण घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाने 'कशावरून?' असे विचारलेच, तर त्याला गप्प बसवण्याऐवजी जवळ बसवावे असे मला वाटते. कारण 'कशावरून?' हा संख्याशास्त्राचा पहिला प्रश्न आहे. आणि आपल्या शाळांत या शास्त्राचा धडा शिकवून होतो तेव्हा बहुधा हाच प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो.

२०१६ ते २०१८ या काळात बालभारतीची गणिताची जी पुस्तके आली, त्यांत या विषयाची मांडणी पायरीपायरीने केलेली आहे. सहावीत स्तंभालेख, सातवीत सरासरी आणि वारंवारता, आठवीत विभाजित आणि शतमान स्तंभालेख, नववीत मध्य, मध्यक आणि बहुलक. क्रम चांगला आहे आणि भाषाही सोपी आहे. अडचण पुढेच सुरू होते. शिक्षकांच्या आणि पालकांच्या लेखी हा 'हमखास गुणांचा' धडा असतो. बेरीज करा, जितके आकडे तितक्याने भागा, उत्तराखाली दोन रेघा मारा. दहा आकडे पुस्तकात तयार छापलेले असतात. ते कोणी गोळा केले, दहाच का घेतले, अकरावा कोणता राहिला, याचा विचार मुलाला करावा लागत नाही. भूमितीत सिद्धता मागणारे आपण, सांख्यिकीत मात्र आकडा समोर आला की मान डोलावतो.

शहरातल्या एखाद्या घरात ही उणीव फारशी जाणवणार नाही. परभणी जिल्ह्यात ती जाणवते. सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी या नऊही तालुक्यांत शेतकऱ्याच्या घरात दरवर्षी किती पैसे येणार, हे काही अंशी एका सरासरीवर ठरते. त्या घरातले मूल शाळेत सरासरी काढायला शिकते आणि त्याच घरातले मोठे माणूस सरासरीने गोंधळून जाते. या दोघांची गाठ कोणी घालून देत नाही.

आबांचा प्रश्न

आमच्या नात्यातली एक मुलगी सातवीत आहे. सात मजुरांच्या मजुरीची सरासरी काढून तिने वही मिटली, तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या आजोबांनी विचारले, "माय, मंडळाची सरासरी काढतात ती अशीच का?" ती म्हणाली, "अशीच, आबा." त्यावर आबा म्हणाले, "मग आपल्या वावरात तर सोयाबीन गेलंच होतं. ते कुठं बसलं या बेरजेत?" मुलीने थोडा विचार केला आणि उत्तर दिले, "आबा, आपलं वावर त्यांनी धरलंय का नाही, तेच आपल्याला ठाऊक नाही."

मला हे उत्तर पुस्तकातल्या सगळ्या उत्तरांपेक्षा मोलाचे वाटले. आबांचा प्रश्न समजण्यासाठी पीक विम्याचा हिशेब थोडा उलगडून पाहावा लागेल. सातवीच्या मुलालाही तो झेपतो.

२०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली. तिच्यात मुख्य पिकांची भरपाई एकेका शेताचे उत्पन्न पाहून ठरत नाही. ती एका क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून ठरते. आपल्याकडे हे क्षेत्र म्हणजे साधारणपणे महसूल मंडळ. एका मंडळात अनेक गावे येतात. त्या मंडळात गेल्या सात वर्षांत जे उत्पन्न आले, त्यांतली चांगली पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी काढतात. तिला जोखीमस्तराने गुणले की 'उंबरठा उत्पादन' मिळते. यंदाची मंडळाची सरासरी या उंबरठ्याच्या खाली गेली तरच भरपाई, आणि जितकी खाली जाईल तितक्या प्रमाणात.

समजा, एका मंडळात सात वर्षांचे सोयाबीनचे हेक्टरी उत्पन्न किलोत असे आहे: १२००, ५००, १४००, ११००, ७००, १३००, १०००. चांगली पाच वर्षे घेतली तर बेरीज ६०००, सरासरी १२०० किलो. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा ८४० किलोंचा. यंदा मंडळाची सरासरी ६३० किलो आली, तर तूट २१० किलोंची, म्हणजे उंबरठ्याच्या पाव हिस्सा. भरपाईही विमा संरक्षित रकमेच्या पाव हिस्सा मिळेल. पण यंदाची सरासरी ८६० किलो आली, तर कोणालाच काही नाही. ओढ्याकाठच्या ज्या शेतात पाणी तुंबून एकरी पोतेही निघाले नाही, त्यालाही नाही. गणित चुकलेले नसते. ते मंडळाबद्दल बोलत असते आणि आबा आपल्या वावराबद्दल विचारत असतात.

दहा वावरे आणि एक मंडळ

आता मुलीच्या उत्तराकडे वळू. मंडळातले प्रत्येक शेत कापून तोलणे कोणालाही शक्य नाही. म्हणून काही शेते निवडतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंडळाच्या पातळीवर एका मुख्य पिकाचे किमान १० पीक कापणी प्रयोग व्हावे लागतात. निवड कोणाच्या ओळखीवर किंवा रस्त्याच्या सोयीवर करायची नसते. ती यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी व्हावी लागते. शेत निवडल्यावर त्यातला तुकडाही असाच ठरतो. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, आधी काढलेल्या आकड्यांइतकी पावले लांबीला आणि रुंदीला चालत जायचे, तिथे खुंटी ठोकायची आणि दोरीने तुकडा आखायचा. पिकाप्रमाणे तुकड्याचे माप बदलते. सोयाबीनसाठी ते १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद धरले, तर क्षेत्र ५० चौरस मीटर झाले. एका हेक्टरात असे २०० तुकडे बसतात. म्हणून त्या तुकड्यात ४ किलो ३०० ग्रॅम दाणे निघाले, तर हेक्टरी उत्पन्न ८६० किलो.

इथे मुलांना थांबवून एक प्रश्न विचारावा. दहाही ठिकाणी वजनात शंभर ग्रॅमचा फरक पडला तर काय होईल? शंभर ग्रॅमला २०० ने गुणले की हेक्टरी २० किलो होतात. वरच्या उदाहरणात ८६० आणि ८४० यांच्यात नेमके तेवढेच अंतर आहे. दाणा ओला असताना तोलला तर वजन जास्त भरते, म्हणून वाळल्यानंतरचे वजन महत्त्वाचे, हे त्याच ओघात सांगता येते. मोजण्यातली काटेकोरपणा ही नुसती शिस्त नाही, तिच्यावर घरातला दसरा-दिवाळी अवलंबून असू शकते, हे मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही.

या पद्धतीमागे एक मराठी नाव आहे, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा परदेशातल्या ग्रंथालयांत अधिक परिचित असावे ही खेदाची गोष्ट आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. लंडनला संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि १९४० च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत कामाला लागले. त्यापूर्वी पिकाचा अंदाज गावपातळीवर नजरेने बांधला जाई. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, आणि या वर्षी ते किती आणे आले हे पाहून आणेवारी ठरे. सुखात्मे आणि इंदूरचे विनायक गोविंद पानसे यांनी नजरेच्या जागी यादृच्छिक निवडीने केलेली कापणी आणली. या दोघांचे शेतीसंशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर शिकल्या. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीही नमुना पाहणीचे मोठे काम त्याच काळात चालवले होते. तुकडा लहान असावा की मोठा, यावर दोघांत खडाजंगी वाद झाला. दोरीच्या लांबीवर विद्वानांनी भांडावे, याचे हसू येईल. पण तुकडा फार लहान झाला की कडेवरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हा मुद्दा कोणत्याही शेतकऱ्याला पटेल.

आपल्याकडे या सगळ्यासाठी तीन शब्दांची म्हण आहे: शितावरून भाताची परीक्षा. मुलांना नमुना निवड शिकवायला याहून चांगली सुरुवात नाही. मात्र म्हणीच्या पुढेही एक पाऊल टाकायला हवे. भात एका भांड्यात, एका आचेवर शिजलेला असतो, म्हणून एक शीत पुरते. मंडळ म्हणजे एक भांडे नव्हे. तिथे काळी कसदार जमीन आहे आणि मुरमाड माळही आहे, कालव्याचे पाणी आहे आणि नुसते आभाळही आहे. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असा आमचा पाऊस. जिथे शिते एकसारखी नाहीत तिथे ती जास्त घ्यावी लागतात आणि भांड्याच्या सगळ्या भागांतून घ्यावी लागतात. संख्याशास्त्राच्या जाड पुस्तकातला एक मोठा भाग या एका वाक्यात येतो.

सरासरी का हवी?

इथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, मग ही मंडळाची सरासरी हवीच कशाला? ज्याचे गेले त्याला द्या. हे म्हणणे न्यायाचे वाटते. पण तसा प्रयोग देशात होऊन गेलेला आहे. १९७२ च्या सुमारास गुजरातेत एच-४ या संकरित कापसासाठी एकेका शेतकऱ्याच्या उत्पन्नावर विमा देऊन पाहिला गेला. पुढे इतर काही राज्यांत तो नेला. १९७८ पर्यंत हप्त्यांचे सुमारे साडेचार लाख रुपये जमा झाले आणि भरपाईपोटी सुमारे ३८ लाख द्यावे लागले. प्रत्येक शेतावर जाऊन खरेखोटे पाहणे परवडत नाही, हे त्यातून दिसले.

यावर तोड सुचवली तीही एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली असे मांडले की, विमा एकेका शेताचा न धरता साधारण सारख्या स्थितीतल्या क्षेत्राचा धरावा. क्षेत्राची सरासरी घसरली तर त्यातल्या सर्व विमाधारकांना सारख्या दराने भरपाई द्यावी. यात एक मर्म आहे. एखाद्याने अवर्षणातही जिवापाड मेहनत करून पीक वाचवले, तर त्याची भरपाई बुडत नाही. आणि एखाद्याने निष्काळजीपणा केला, तर त्याला वेगळे बक्षीसही मिळत नाही. पंचनाम्यासाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही. वशिला नसलेल्या माणसाला सरासरीचा हा मोठा आधार आहे. या कल्पनेवर १९७९ मध्ये प्रायोगिक योजना आली, १९८५ मध्ये सर्वंकष पीक विमा योजना आली, आणि आजच्या योजनेचा कणाही तोच आहे. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयातला विमा बंद केला आणि स्थानिक आपत्तीसारखे भरपाईचे वेगळे आधार काढून पीक कापणीवर आधारित उत्पन्नावरच भर ठेवला. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते खरवडून निघाली. आबांसारख्यांचा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार झाला.

तेव्हा सरासरीला शिव्या घालून भागणार नाही आणि तिच्यापुढे हात जोडूनही भागणार नाही. तिला काय विचारता येते आणि काय विचारता येत नाही, हे कळले पाहिजे. दांडेकरांच्या सूचनेतला 'साधारण सारख्या स्थितीतले क्षेत्र' हा शब्दप्रयोग यासाठी महत्त्वाचा आहे. मंडळात माळ आणि गोदाकाठ एकत्र आला असेल, तर 'हे क्षेत्र सारखे कसे?' हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. पण तो विचारण्यासाठी सरासरी कशाने बिघडते हे ठाऊक असले पाहिजे, आणि ते सातवी-आठवीतच कळू शकते.

मधला माणूस

एक सोपे उदाहरण घ्या. समजा, एका वस्तीत नऊ कुटुंबे आहेत आणि त्यांची जमीन एकरांत अशी आहे: १, १, २, २, २, ३, ३, ४ आणि २७. बेरीज ४५, सरासरी पाच एकर. कागदावर ही वस्ती बरी दिसते. प्रत्यक्षात नऊपैकी आठ घरे सरासरीच्या खाली आहेत आणि पाच एकर जमीन असलेले घर एकही नाही. आता सगळ्यांना जमिनीच्या क्रमाने ओळीत उभे करा आणि मधला, म्हणजे पाचवा माणूस पाहा. त्याच्याकडे दोन एकर आहेत. हा मध्यक. सर्वांत जास्त वेळा येणारा आकडाही दोनच. हा बहुलक. सत्तावीसच्या जागी सत्तर एकर लिहिले तर सरासरी उडी मारते. मधला माणूस जागचा हलत नाही. नववीपर्यंत वाट न पाहता सहावीच्या मुलांनाही हा खेळ वर्गात उभे राहून उंचीवर खेळता येईल.

गंमत अशी की, ज्यांनी आपल्याला सरासरी नीट मोजायला शिकवले त्या सुखात्म्यांनीच पुढे तिच्या वापराविरुद्ध आवाज उठवला. १९५१ पासून ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर पुण्यात परतले. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला होता. माणशी रोज सरासरी २,२५० उष्मांक ही त्यांची मोजपट्टी होती. सुखात्म्यांचे म्हणणे असे की, माणसाची गरज रोज एकच नसते आणि दोन माणसांची तर नसतेच. तेव्हा सरासरी गरजेच्या रेषेखाली जो जो आला तो तो उपाशी, असे म्हणता येत नाही. दांडेकरांनी ते मान्य केले नाही. अशाने भूक कागदावर कमी दिसेल, अशी त्यांच्या बाजूच्या अभ्यासकांची भीती होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी हा वाद चांगलाच रंगला. दोघेही सातारा जिल्ह्यातले, दोघेही पुण्यात, दोघेही आकड्यांचे पक्के. कोण बरोबर, याचा निवाडा इथे करायचा नाही. एका सरासरीवर भुकेल्यांची संख्या कोटींनी मागेपुढे होते, एवढे मुलांच्या लक्षात आले तरी पुष्कळ.

अनुशेषाचा हिशेब

मराठवाड्याला तर सरासरीचा आणखी एक अनुभव आहे. 'अनुशेष' हा शब्द आपल्याकडे सभांतून इतका वापरला गेला की तो मूळचा वजाबाकीचा शब्द आहे, याचा विसर पडला. १९८३ साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट मोजायची, अशी पद्धत होती. सगळ्या तुटींची बेरीज सुमारे ३,१८७ कोटी रुपये झाली. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा होता. मागणीला आकडा मिळाला, आणि आकड्यामुळे मागणीला वजन आले. सरासरीने इथे दुबळ्याची बाजू घेतली.

पण जो प्रश्न आबांनी मंडळाला विचारला तोच जिल्ह्यालाही विचारता येतो. जिल्हा सरासरीच्या वर गेला म्हणून त्यातला प्रत्येक तालुका वर गेला का? प्रत्येक गाव गेले का? मोजण्याचे एकक बदलले की चित्र बदलते.

एककाचे म्हणाल तर परभणीच्या मुलांसाठी घरचेच एक कोडे आहे. १९९१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाखांवर होती. २००१ च्या जनगणनेत ती १५ लाखांवर आली. दहा वर्षांत सुमारे सहा लाख माणसे गेली कुठे? साथ आली? दुष्काळाने गावे उठली? मुलांना तर्क करू द्यावेत. मग सांगावे की, १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. माणसे जिथल्या तिथेच होती, सरहद्द सरकली होती. २०११ मध्ये नव्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ भरली. दोन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ते एकाच वस्तूचे आहेत का, हे पाहण्याची सवय या एका कोड्याने लागू शकते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या मोठ्यांनाही ती लागली तर बरे.

वर्गात आणि घरी

यासाठी नवे पुस्तक किंवा नवा तास नको. आहे तोच धडा थोडा बाहेर काढावा लागेल. २९ जून हा महालनोबीस यांचा जन्मदिवस. २००७ पासून तो देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. आपल्या शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि पेरण्यांची धांदल चाललेली असते. त्या दिवशी भाषणे न ठेवता प्रत्येक गावातून येणाऱ्या मुलाला उभ्या भिंतीची एक बाटली द्यावी. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे आणि वहीत लिहावे. बाटलीतला मापक हा सरकारी पर्जन्यमापक नव्हे, हे खरे. पण एकाच पावसात शेजारच्या चार गावांचे चार आकडे फळ्यावर आले की मंडळाचा एकच आकडा किती सांगतो आणि किती झाकतो, हे दिसते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा सरकारी निकष घरोघरी पाठ आहे. ६५ मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे साडेसहा हजार लिटर पाणी, हा गुणाकार मात्र मुलांकडून करून घ्यावा.

दुसरा प्रयोग चिठ्ठ्यांचा. वर्गातल्या चाळीस मुलांची उंची मोजून सरासरी काढावी. मग हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्यांतून पाच उचलून फक्त त्यांची सरासरी काढावी. चिठ्ठ्या परत टाकून पुन्हा पाच उचलाव्यात. उत्तर दर वेळी थोडे बदलते. पाचऐवजी पंधरा उचलल्या तर कमी बदलते. आणि चिठ्ठ्या न टाकता मागच्या बाकावरची पाच मुले घेतली तर काय होते, तेही पाहावे. दहा कापणी प्रयोगांचे बळ आणि दुबळेपण मुलांना त्याच तासात कळेल.

परभणीच्या परिसरातल्या शाळांना आणखी एक सोय आहे. १९७२ साली स्थापन झालेले आणि आता वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे कृषी विद्यापीठ दाराशी आहे. तिथल्या प्रयोगाच्या शेतात एकच वाण वेगवेगळ्या तुकड्यांत पुन्हा पुन्हा का पेरतात आणि तुकड्यांची जागा चिठ्ठीने का ठरवतात, एवढेच विचारायला एक सहल काढावी.

घरी तर साहित्य तयारच असते. वीजबिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे खांब छापलेले असतात. त्यावरून उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला फरक मुलाने सांगावा. वर्तमानपत्रातला आलेख पाहताना खांब शून्यापासून सुरू झाले आहेत का, हे आधी बघावे. नव्वदपासून सुरू केलेले खांब नव्वद आणि पंच्याण्णव यांत राईचा पर्वत करतात. आणि कोणताही सरासरीचा आकडा कानावर आला की तीन प्रश्न विचारावेत: कशाची? किती जणांची? कोणी आणि कशी मोजली? हे प्रश्न उर्मटपणाचे नाहीत. सुखात्मे आणि दांडेकर आयुष्यभर हेच विचारत होते.

पीक कापणीचे प्रयोग उघड्यावर, गावकऱ्यांसमोर व्हायचे असतात. सोयाबीन काढणीला येते तेव्हा दिवाळीची सुटी फार दूर नसते. गुरुजींनी मुख्याध्यापकांना विचारून आठवीचा वर्ग एकदा बांधावर न्यावा. काम करणाऱ्यांच्या मध्ये मुलांनी जाऊ नये, हुज्जत घालू नये. वही-पेन्सिल घेऊन उभे राहावे. खुंटी कुठे ठोकली, दोरी किती लांब होती, दाणा ओला होता की वाळलेला, एवढे टिपून घ्यावे. वजनकाट्यावरचा आकडा वहीत उतरवून त्याला २०० ने गुणणारी एक मुलगी बांधावर उभी असेल, तर तोलणाराही तो आकडा जरा मोठ्याने वाचील.